शेवटच्या हरणाचा करार

माझ्या हातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. तरी हरणाच्या शिकारीला थर्टी-थर्टी रायफल बरी की थर्टी-ऑट-सिक्स, या विषयावर मी कुणाशीही दोन तास भांडू शकतो. मी शाकाहारी आहे. नागपूर सोडून अमेरिकेत ईडन प्रेरीला आलो त्याला तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत घरात शिरलेल्या माशीलासुद्धा मी आधी खिडकी उघडून बाहेर जायची संधी देत आलो आहे. बंदुकीचं हे सगळं ज्ञान मला शेजारच्या काकांच्या गराजमध्ये मिळालं.

काका म्हणजे अस्सल अमेरिकन, वय एक्क्याऐंशी, एकटे राहणारे. आमची मुलगी नुकती बोलायला लागली होती तेव्हा पिकल्या केसांच्या प्रत्येक माणसाला काका म्हणायची. तसं तिनं एक दिवस कुंपणापलीकडे बघून यांनाही म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, बापाचा भाऊ. त्यांनी थोडा विचार केला, मान डोलावली आणि म्हणाले, चालेल. तेव्हापासून ते आम्हा तिघांचे काका झाले. बोलतात अर्थात इंग्रजीत, पण माझ्या आठवणीत ते मराठीतच बोलतात. त्याला माझा इलाज नाही.

त्यांच्या गराजमध्ये दोन खुर्च्या आणि एक जुना स्टोव्ह आहे. शनिवारी दुपारी मी तिथं चहा घेऊन जायचो आणि ते मला काडतुसं समजावून सांगायचे. ऐकून मी पहिल्याच दिवशी चिडलो होतो. थर्टी-थर्टीमधला पहिला तीस म्हणजे नळीचं माप, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले तीस. दुसरा तीस म्हणजे दारूचं वजन. ठीक आहे. मग थर्टी-ऑट-सिक्समधला सहा म्हणजे? तर ते साल. एकोणीसशे सहा. आणि टू-सेव्हन्टी? ते पुन्हा नळीचं माप, पण आता इंचाचे हजार भाग केलेले, आणि आतली गोळी मोजली तर ती दोनशे सत्त्याहत्तर भरते. एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले तीन डबे आणि तीन आकड्यांचे तीन निराळे अर्थ. मी जन्मभर मशिनच्या भागांची ड्रॉइंग तपासली. माझ्यापुढे असं ड्रॉइंग आलं असतं तर काढणाऱ्याला मी रडवलं असतं. काका शांतपणे म्हणाले, "हरणाला आकडे वाचता येत नाहीत."

हळूहळू मला त्यात गोडी लागली. लोक रात्री झोपण्यापूर्वी मालिका बघतात, मी गोळी शंभर यार्डांवर किती इंच खाली येते याचे तक्ते वाचू लागलो. थर्टी-थर्टी म्हणजे वरणभात, हे माझं मत पक्कं झालं. लांब पल्ला नाही, दिमाख नाही, पण जंगलात झाडाझुडपांतून साठ-सत्तर पावलांवर जे काम असतं ते निमूटपणे करते. थर्टी-ऑट-सिक्स सगळीकडे चालते, हरणापासून अस्वलापर्यंत, म्हणजे स्वभावानं नागपूरकर. टू-सेव्हन्टीवाले मात्र आमच्यातल्या पुणेकरांसारखे. त्यांची गोळी सरळ रेषेत जाते, आणि हे ते तुम्ही विचारलं नसतानाही सांगतात.

काकांकडे या तिन्ही रायफली होत्या. त्यांतली थर्टी-थर्टी त्यांच्या वडिलांची. खाली लीव्हर असलेली, दर गोळीला तो खालीवर करायचा. नळीखाली दुसरी एक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी बसतात. म्हणून या रायफलीच्या गोळ्यांची टोकं बोथट असतात, नाहीतर मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचेल आणि आतल्या आतच दिवाळी होईल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हातांनी घासून घासून तुकतुकीत झालेला. या रायफलीनं काकांनी दर नोव्हेंबरात एक हरीण मारलं होतं. पन्नास वर्षांत एकदाही ते रिकाम्या हातानं परत आले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा मुलगा ॲरिझोनाहून आला. पन्नाशीचा, सरळ, बापाची काळजी असलेला माणूस. त्यानं तिथं आपल्या घराजवळ एक छोटं घर पाहून ठेवलं होतं. जिने नाहीत, बर्फ नाही. थर्टी-ऑट-सिक्स आणि टू-सेव्हन्टी तो जातानाच घेऊन गेला. थर्टी-थर्टीवरून मात्र बापलेकांची गराजमध्ये खडाजंगी झाली, ती मी कुंपणाअलीकडून टोमॅटोला पाणी घालत ऐकली. एकाच टोमॅटोला मी वीस मिनिटं पाणी घातलं. शेवटी ठरलं ते असं: काकांनी आणखी एक हरीण मारायचं. मग रायफल मुलाची, हे घर विकायचं आणि काका ॲरिझोनाला. दोघांनी हस्तांदोलन केलं.

मुलगा गेल्यावर मी चहा घेऊन गेलो. काका म्हणाले, "हे घर मी आणि माझ्या बायकोनं बांधून घेतलं. तिथं ॲरिझोनात मी काय करू? निवडुंगाशी गप्पा मारू?" मला स्वतःलाच कसंतरी झालं होतं. मुलगी कॉलेजला गेल्यापासून माझ्या आठवड्यात शनिवार दुपारशिवाय वाट बघावी असं काही उरलं नव्हतं, आणि हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

सप्टेंबरात काकांच्या घरात रंगारी आले. घर विकायच्या आधी रंग द्यावा म्हणून मुलानंच लावलेले. बंदुका ठेवायची लोखंडी तिजोरी तोवर विकली गेली होती. परकी माणसं घरात, म्हणून काका थर्टी-थर्टी घेऊन आमच्या दारात आले. "शिकारीचा सीझन उघडेपर्यंत तुझ्याकडे ठेव," म्हणाले. काडतुसं त्यांनी स्वतःजवळच ठेवली. म्हातारे होते, वेडे नव्हते.

मी ती बायकोच्या जुन्या सुती साडीत गुंडाळली आणि वरच्या खोलीतल्या कपाटात, गणपतीच्या मखराच्या मागे कुलपात ठेवली. बायकोला सांगितलं, कुणाजवळ बोलू नकोस. ती म्हणाली, "मी कशाला कोणाला सांगू?" मग तिनं ते फक्त एका मैत्रिणीला सांगितलं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात. आमच्या घरी ती दरवर्षी होते, पण शस्त्र कुठून आणायचं? त्यामुळे आजवर पाटावर एक स्क्रू-ड्रायव्हर, भाजीची सुरी, दोन लॅपटॉप आणि गराजमध्ये बर्फ उडवायचं यंत्र, एवढ्यावर भागायचं. त्या यंत्राला मी दरवर्षी मनापासून नमस्कार करतो, कारण जानेवारीत त्याच्याशिवाय दुसरं कोणी मदतीला येत नाही. पण यंदा घरात खरं शस्त्र होतं. बायको म्हणाली, "एवढं खरंखुरं शस्त्र घरात असताना आपण सुरीची पूजा करायची? बरं दिसतं का ते?"

मला पटलं. हे मी कबूल करतो. कुणी भरीला पाडलं नाही, कुणी फसवलं नाही. मला वाटलं, काकांचं हे शेवटचं वर्ष, त्यांच्या रायफलीला आमच्याकडून एक नमस्कार व्हावा.

त्या संध्याकाळी दारात चौदा कुटुंबं उभी. मैत्रिणीनं तिच्या मैत्रिणीला सांगितलं होतं. कोणी ड्रिल मशिन आणलं होतं, कोणी टेनिसची रॅकेट, एका निवृत्त डॉक्टरकाकांनी स्टेथोस्कोप आणला होता, पण सगळ्यांचे डोळे पाटावरच्या रायफलीवर. तिला झेंडूचा हार घातलेला होता. दहा मिनिटांत खोलीभर इतिहास पसरला. प्रत्येकाचे पूर्वज सरदार निघाले. कुणाच्याही घराण्यात एकही कारकून झालेला नव्हता. हिंजवडीहून आलेल्या एका तरुणानं फोनवर दोन मिनिटं काहीतरी वाचलं आणि मला म्हणाला, "काका, ॲक्चुअली टू-सेव्हन्टी मच बेटर ऑप्शन आहे यार. फ्लॅट जाते." मी त्याचं गाव विचारलं नाही. गरजच नव्हती.

मी रायफलीजवळ पहारा देत उभा होतो. पोलादाला पाणी लागलं की गंज, एवढंच माझ्या डोक्यात. कोणी पळीभर पाणी शिंपडायला गेलं की मी हात आडवा धरायचो. स्वस्तिक काढायचं नाही, हेही मी आधीच बजावलं होतं. अमेरिकन माणसाच्या बंदुकीवर ते काढून त्याला आपली संस्कृती समजावत बसायची माझी तयारी नव्हती. मग बायकोनं विचारलं, "कुंकू कोरडं कसं चिकटेल? पाण्यात कालवू ना?"

"पाणी नाही," मी इंजिनिअरच्या थाटात म्हणालो. "तेलात कालव. तेलानं उलट लोखंडाचं रक्षण होतं."

लोखंडाचं झालं. लाकडाचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकूंनी पाची बोटं तेलातल्या कुंकवात बुडवली आणि अक्रोडाच्या दस्त्यावर ठसठशीत उमटवली. सगळ्यांनी वा वा केलं. नंतर एकेक जण येऊन हळद लावून, मूठभर अक्षता टाकून गेला. मी अक्षतांकडे लक्ष दिलं नाही. त्या कोरड्या होत्या. माझा पहारा फक्त पाण्यावर होता.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. अर्ध्या तासात मुलीचा फोन: "बाबा, इज दॅट अ गन विथ अ हार ऑन इट?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "इज काका ओके विथ दिस?" मी म्हणालो, काकांना सांगायचं आहे. ती इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि तिनं फोन ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी मी हार उतरवला आणि फडक्यानं दस्ता पुसला. हळद निघाली. कुंकू निघेना. तेलानं ते लाकडात खोलवर नेऊन बसवलं होतं. पाच लालभडक बोटं. मी बोटांच्या कडेला बेसन लावून पाहिलं, लिंबू लावून पाहिलं, बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध बाटली उघडून वास घेऊन परत ठेवलं. इंटरनेटवर विचारायलाही गेलो, पण प्रश्न कसा लिहावा ते सुचेना. बाजूच्या खाचेत, जिथून काडतुसं आत सरकवतात तिथं, दोन तांदूळ दिसले. ते काढले. मग रायफल उलटी करून हलवली, टॉर्च मारून पाहिलं. आणखी काही दिसलं नाही. मला वाटलं, चला, ही बाजू तरी स्वच्छ झाली.

पुढचे तीन आठवडे मी झोपेतसुद्धा ते पाच ठसे पाहत होतो. काकांच्या वडिलांनी जपलेली, काकांनी पन्नास वर्षं मिरवलेली वस्तू माझ्या घरी जेमतेम महिनाभर राहिली आणि बाटली. शनिवारी मी चहा घेऊन जायचो आणि काहीही न सांगता परत यायचो. चहासुद्धा गोड लागेना.

सीझन उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, काका रायफल न्यायला आले. खांद्यामुळे त्यांना एकट्यानं पाठवायचं नाही, अशी मुलाची अट होती आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून उत्तरेकडच्या जंगलातल्या त्यांच्या शिकारीच्या लाकडी घरी मीच सोबत जाणार होतो. मी साडी सोडली आणि रायफल त्यांच्या हातात दिली. पाठ केलेलं भाषण एका दमात म्हटलं: आमचा एक सण असतो, त्या दिवशी आपण ज्यावर जगतो त्या हत्यारांना नमस्कार करायचा असतो, तुमच्या रायफलीला आम्ही मानानं पाटावर बसवलं, आणि माझ्या मूर्खपणानं हे डाग पडले, मी मनापासून माफी मागतो.

काकांनी चष्मा वर केला. "रक्त आहे?"

"हळदीपासून करतात."

त्यांनी दस्ता उजेडात धरला. "ही इथली खोक दिसते? वडिलांनी ट्रकवरून पाडली. हे इथं, माझ्या भावानं हिच्यानं कुंपणाचा खिळा ठोकला. तो बरेच दिवस उभ्यानं जेवत होता." मग त्यांनी एकेक करून आपली पाच बोटं त्या पाच ठशांवर ठेवून पाहिली. काकूंची बोटं फार लहान होती. "पकड चांगली आहे," ते म्हणाले आणि रायफल गाडीत ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बायकोला हाक मारून फराळाचा डबा मागितला, कोणाला दिसू नये म्हणून.

फराळाचा डबा ही दुसरी चूक. दिवाळीचे दिवस, त्यामुळे बायकोनं चकल्या, कडबोळी, चिवडा आणि बेसनाचे लाडू भरून दिले होते. शनिवारी पहाटे आम्ही मचाणावर चढलो. मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी पेटी, बाकडं आणि तीन बाजूंना फटी. मी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत भडक केशरी, दुसऱ्या शिकाऱ्यानं हरीण समजू नये म्हणून. काकांनी माझ्या जाकिटाचा वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, हिंग. त्यांनी वारा कुठून येतो ते पाहिलं आणि मला दुसऱ्या टोकाला बसवलं.

सात वाजता मी एक चकली खाल्ली. शांत जंगलात चकलीचा आवाज काय होतो हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दूरवरून दोन पक्षी उडाले. काकांनी मान न वळवता डबा आपल्याकडे ओढला, आतलं सगळं एकेक दाबून पाहिलं आणि फक्त लाडू माझ्याकडे परत दिले. आमच्या फराळात आवाज न करता खाता येणारा पदार्थ एकच आहे, हे मला साठाव्या वर्षी एका अमेरिकन माणसानं शिकवलं.

शनिवार तसाच गेला. थंडीनं माझे पाय मला माझे वाटेनासे झाले. रविवारी साडेआठच्या सुमारास काकांनी माझ्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवली. मी फटीतून पाहिलं. साठेक पावलांवर, भूर्जाच्या पांढऱ्या खोडांमध्ये हरीण उभं होतं. दोन्ही बाजूंना चार-चार टोकांची शिंगं. ते इतकं सुंदर होतं की मला त्याला पळ म्हणून सांगावंसं वाटलं. पण काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी गप्प राहिलो. त्यांना आनंद झाला होता, आणि त्याच वेळी कोणीतरी त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेत असावं तसा चेहरा झाला होता. करार मलाही ठाऊक होता. हे हरीण पडलं की वसंतात शेजारच्या अंगणात विक्रीची पाटी लागणार होती.

काकांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून हरीण दिसेपर्यंत ते काडतूस नळीत चढवत नाहीत. त्यांनी आता लीव्हर अगदी हळू खाली ओढला. तो अर्ध्यावर गेला आणि अडला. पुन्हा ओढला. पुन्हा अडला. काकांनी रायफल मांडीवर घेतली, वरच्या उघड्या खाचेत करंगळी घातली आणि काहीतरी बाहेर काढून हातमोज्यावर ठेवलं.

हळद लागलेला एक तांदूळ होता.

काका त्या तांदळाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मी कुजबुजलो, "आशीर्वाद म्हणून टाकतात." याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन. मला वाटलं, पन्नास वर्षांत जे झालं नाही ते आज माझ्यामुळे झालं, आणि नेमकं शेवटच्या वेळी.

पण हरीण गेलं नव्हतं. तिथंच उभं राहून ते कसलीतरी पानं खात होतं. काकांनी लीव्हर पुन्हा हलवला, आणि या वेळी तो गुळगुळीत खाली गेला, गुळगुळीत वर आला. काडतूस नळीत बसल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दहा वर्षं ज्याविषयी नुसतं वाचलं तो आवाज मी ओळखणार नाही का? काकांनी रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला. मी डोळे मिटले आणि कानांवर हात घेतले.

बराच वेळ काही झालं नाही. मी एक डोळा उघडला. काकांनी रायफल खाली घेतली होती, घोडा अंगठ्यानं अलगद बसवला होता आणि ते नुसते हरणाकडे बघत होते. हरीण पानं संपवून, शेपटी हलवत, कसलीही घाई न करता उतारावरून निघून गेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"जॅम झाली," काका म्हणाले.

"पण काका, आत्ता तर ती..."

"जॅम झाली," ते पुन्हा म्हणाले, आणि लाडवासाठी हात पुढे केला.

सीझन अजून आठवडाभर होता, पण काकांनी खांदा दुखतो म्हणून दुपारीच आवरायला काढलं. गाडी मी चालवत होतो. तासाभरानं मुलाचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकून मधल्या खोबणीत ठेवला.

"डॅड, मिळालं का?"

"नाही. रायफल जॅम झाली."

"ती रायफल? ती कधी जॅम झाली नाही."

"तिच्यात तांदूळ होता."

"काय होतं?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. म्हणजे पुढचं मी बोलायचं होतं. मग मी त्या बिचाऱ्याला खंडेनवमी सांगितली, पाट सांगितला, चौदा कुटुंबं सांगितली, तेल आणि अक्षता सांगितल्या. सगळी चूक माझी आहे, म्हणालो. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्यानं मला नाव घेऊन विचारलं, "मला खरं सांग. एक दाणा काढला असेल ना त्यांनी? मग नंतर ती चालली नाही का?"

काकांनी मान वळवली नाही. पण गुडघ्यावरचा त्यांचा हात थरथरायचा थांबला.

मी आयुष्यभर तपासणीच्या कागदांवर सह्या केल्या. ज्या भागात केसभर फरक असेल तो परत पाठवला. खोटं मला जमत नाही. बायकोला साडी कशी दिसते ते सांगतानासुद्धा माझी जीभ अडखळते. मी म्हणालो, "नाही. शेवटपर्यंत हलली नाही. आम्ही खूप प्रयत्न केले."

तो म्हणाला, "म्हणजे घराचं..."

"एक हरीण, असं ठरलंय," काका म्हणाले. "एक सीझन, असं नाही. तू हात मिळवला होतास."

पलीकडून एक लांब उसासा आला, आणि त्याच्या शेवटी, मला वाटतं, तो थोडा हसला. "ओके, डॅड. नेक्स्ट इयर." मग तो मला थँक यू म्हणाला. कशाबद्दल, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

फोन बंद झाला. मला फार आनंद झाला होता, आणि त्या मुलाशी खोटं बोलल्याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदमच. गाडी झाडीतून जात होती. नकळत माझा पाय ॲक्सिलरेटरवर थोडा जास्तच पडला असावा.

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हळू चालव," ते म्हणाले. "या रस्त्यावर हरणं आडवी येतात. गाडीखाली आलेलंसुद्धा तो मोजेल."

मी वेग चाळीसवर आणला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, आणि घरापर्यंत मी त्यांना तसंच वाजवू दिलं.